मळ्यातला माळा

आमच्या घरी लॉफ्ट म्हणजे
मोरीवरची सिमेंटची फळी.
तिथे माटोळीची चौकट, बिनझाकणाचा कुकर,
पप्पांची ऑफिसातली छत्री
आणि एक सुटकेस, जिची किल्ली हरवली
म्हणून कुणी उघडत नाही,
आणि उघडत नाही म्हणून कुणी टाकत नाही.

इथे लॉफ्ट म्हणजे
चार कोटी ऐंशी लाख.
पार्किंग वेगळं.

रायबंदरहून मी येते स्कूटरने,
डिकीत उंच टाचेचे सँडल, फडकं, कॉफीची पूड.
खाडीला ओहोटी असेल
तर दारं लावून आधी कॉफी उकळायची.
शिरसाट सरांनी शिकवलंय:
कॉफीच्या वासात माणूस सही करतो.

जागा मळ्यात आहे.
पण मळा विकला जात नाही
म्हणून कागदावर फोंताइन्हास.
दोघांच्या मधे एक वळण, एक पोदेराचं दुकान.
त्या वळणाचे चाळीस लाख.

गिऱ्हाईक आलं की मी मान वर करते,
मग त्यांचीही जाते वर.
एकोणीस फूट. तुळया मूळच्या, सागवानी.
जिना लोखंडी, नवा,
झोपायचं वर, जवळजवळ हवेतच.
शिंपल्यांची खिडकी एकच उरली,
ती काचेच्या आत बसवली आहे,
उघडत नाही.
‘पूर्वी काय होतं इथे?’
हेरिटेज, मी म्हणते.

मीठ होतं.
पोत्यांवर पोती, कमरेइतकी,
आणि भिंतीला ते अजून आठवतं.
परदेशी रंगाखालून लोणा फुटतो, बरोबर तिथवरच.
आदल्या दिवशी बसप्पा येतो,
खरवडतो, पुट्टी भरतो, दोन हात मारतो.
म्याडम, हे थांबत नाही.
उद्या दुपारपर्यंत थांबव, मी म्हणते.

समोरच्या बाल्कनीत एस्परांस कपडे वाळत घालते.
सर म्हणाले, गिऱ्हाईक येईल तेव्हा दोरी मोकळी हवी.
विचारायला मी गेले. लाज वाटली, तरी गेले.
ती म्हणाली, बरं. कितीक वाजता?
सात महिने. फोन केला की
ओले कपडे गोळा करून आत नेते,
त्याबद्दल कधी काही मागितलं नाही.
गेल्या गुरुवारी म्हणाली,
एकदा दाखव मला.

चपला तिने दाराबाहेर काढल्या.
इथे कुणी काढत नाही.
पंखा पाहिला. फ्लशचं बटण दाबलं,
पाणी संपेपर्यंत थांबून पुन्हा दाबलं.
मग मधोमध उभी राहून
‘सोबीत आसा,’ म्हणाली,
आणि थोड्या वेळाने,
‘कपडे खंय सुकयतले?’

मी मशीन दाखवलं.
त्याच्या गोल काचेत वाकून
तिने आपले केस सारखे केले.
जाताना भिंतीवरून बोट फिरवलं,
जिभेला लावलं.
बोलली नाही काही.
सवयीनं चाखावं तसं, भाजीतलं मीठ.

शनिवारी गुरुग्रामचं जोडपं यायचं होतं.
बसप्पाला मी फोन केला.
तिला करायचा राहिला,
किंवा राहू दिला. नक्की सांगता येत नाही.
दोरीवर भरगच्च: परकर, उशांचे अभ्रे,
एक मोठी निळी चादर, खाडीच्या वाऱ्याने फुगलेली.
बाई खिडकीशी गेली, थबकली,
फोटो काढला, मग आणखी चार.
‘हे रोज असतं?’
हो, मी म्हटलं. रोज.
‘हेच तर हवं होतं आम्हाला.’

काल सरांचा निरोप आला.
बुधवारी पुन्हा येताहेत, आईवडिलांना घेऊन.
एस्परांसला सांग,
निळी चादर घाल म्हणावं. सकाळी दहाला.
सुकलेली असली तर पुन्हा भिजवून.

तिच्या दाराखाली उभी आहे मघापासून,
स्कूटर चालूच.
वर ती मोरी धुतेय,
पन्हळीतून फेसाचं पाणी येतं, थांबतं, येतं.
हेल्मेटचा पट्टा काढू की नको.
भिंतीला टेकलेला हात
मी अजून पुसलेला नाही.