हयातीचा दाखला

दांडिया बाजारच्या वॉर्ड ऑफिसात
माझं काम नावं कापायचं.
मेलेल्यांची. पट्टी, लाल शाई, सही.
एकदा कुसुम भालचंद्र खानविलकर वारल्या
आणि मी कापलं कुसुम भालेराव खानविलकर.
सात महिने बाईंची पेन्शन थांबली.
आल्या, तर काउंटरवर डबा आपटून, उघडून,
"बघ, जेवतेय मी. मेलेली बाई वांगं खाते?"

घरी जाऊन मी नक्कल केली.
इरू इतकी हसली की तिचे गुडघे सुटले,
ओट्यापाशी गळून पडली.
डोळे अर्धे मिटलेले, जीभ किंचित बाहेर.
सगळं ऐकत होती, उठता येत नव्हतं.
आम्हाला वाटलं, नाटकी आहे,
बापावर गेली.

त्याआधी दोन महिने ताप येऊन गेला होता.
साधाच. उत्तरायणला तेवढी ती गच्चीवर नव्हती.
मग झोप.
रिक्षात, वर्गात, वेणी घालताना,
सेव-उसळीच्या ताटलीत पाव बुडवून तशीच.
हेतलबेननी वहीत लिहिलं, आखो दिवस ऊंघे छे.
मी खाली सही केली.
एकदा मारलंसुद्धा. ती दचकून "सॉरी बाबा" म्हणाली
आणि ते म्हणता म्हणता झोपली.

रात्री मात्र ओरडायची: मगर आहे.
बडोद्यात हे हसण्यावारी नेता येत नाही,
पुरात विश्वामित्री आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होती.
मी बॅटरी घेऊन पलंगाखाली वाकायचो.
एक चप्पल, कंपासपेटी.
"खाली नाही बाबा. छातीवर बसली होती."

चौदा महिन्यांनी एका खोलीत
तिच्या डोक्याला वायरी लावून तिला झोपवलं.
तीन मिनिटांत ती स्वप्नात पोचली.
डॉक्टर पारेखांनी कागदाच्या पाठीवर मेंदू काढला,
मध्ये खोल एक ठिपका.
इथल्या काही हजार पेशी माणसाला जागं धरून ठेवतात.
इरूच्या बहुतेक गेल्या.
"कोणी नेल्या?" मी विचारलं,
सायकल चोरीला गेल्यासारखं.
"तिच्याच रक्तातल्या पहारेकऱ्यांनी, कदाचित.
तापाच्या जंतूचा एक तुकडा
आणि या पेशींतला एक तुकडा
सारखे दिसत असावेत.
पक्कं अजून कोणालाच माहीत नाही."

मला मात्र लगेच कळलं.
भालचंद्र, भालेराव.
मार्चअखेर, पंखा बंद, यादी लांब.
त्या पहारेकऱ्यावर मला धड रागावताही येईना.
एवढंच, की खानविलकरबाई
डबा घेऊन आल्या तरी होत्या.

तेव्हापासून घरात कोणी विनोद करत नाही.
मेहुणा आला की त्याला दारातच सांगतो.
टीव्हीवर बातम्या.
सकाळी गोळी, दुपारी वीस मिनिटं शाळेच्या आजारी-खोलीत झोप,
आणि जेवताना आम्ही तिघं
श्राद्धाला बसल्यासारखे.

काल रविवार.
इरूने गादी ओढत हॉलमध्ये आणली.
भिंतीला दोन उशा लावल्या,
चष्मा काढून आईच्या हातात दिला,
पाय लांब केले, टेकून बसली.
"हं. आता कर," म्हणाली,
"ती डब्यावाली बाई."

मी स्वयंपाकघरात गेलो.
रिकामा डबा नीट वाजत नाही,
म्हणून आत दोन चमचे टाकले.