तक्ता क्रमांक चार

डिसेंबरात नंदुरबारच्या पथारीवर
आम्ही सकाळी सहाला पोचायचो,
तन्वीर पिंजारी यंत्र पोटाशी धरून,
मी पुठ्ठ्याच्या नळ्यांचा डबा घेऊन.
देठं खुडणाऱ्या बायांना सांगायचो,
छाती भरून घ्या, आता फुंका,
फुंका, फुंका, थांबू नका.
त्या हसायच्या.
चूल फुंकायची सवय होती, यंत्र फुंकायची नव्हती.
रायलीबाई तिसऱ्या सेकंदाला थांबली.
पुन्हा. पुन्हा तिसऱ्यालाच.
पडद्यावरची रेघ टेकडीसारखी चढली
आणि खदाणीसारखी तुटली.

दोनशे बारा बाया.
दोनशे बारा नळ्या, प्रत्येकीवर बॉलपेनने
नाव आणि आकडा.
निम्म्याहून जास्त रेघा तशाच तुटलेल्या.
त्यांचा मी तक्ता क्रमांक चार केला.

सोनगीरकर सरांनी चहा मागवला, दार लोटलं.
म्हणाले, काम छान झालंय.
फक्त ‘आढळले’च्या जागी ‘जाणवले’ करू,
‘विकार’च्या जागी ‘तक्रारी’.
पुढच्या आठवड्यात ‘जाणवले’सुद्धा जड झालं.
मग एक फोन आला, तो सरांनी उभं राहून घेतला.
परवानगीच्या पत्रावर तारीख कुणी टाकली?
चुलीचा धूर वजा केलात का?
केला होता. पान एकोणीस.
तंबाखू?
पान वीस.
मग खिडकीकडे बघत म्हणाले,
मिरचीनं ठसका लागतो
हे सांगायला सरकारचा पैसा कशाला, मॅडम?

त्याच शनिवारी घरी पाच किलोची पिशवी आली,
दळलेली, वस्त्रगाळ, चिठ्ठीवर नाव नाही.
आईनं बरणीत भरली, तीनदा शिंकली,
म्हणाली, रंग बघ काय सुरेख आहे.
मी काही बोलले नाही.
आठवडाभर भाजी खाल्ली.
हेही कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

आणि सगळं दडपण वरूनच आलं असंही नाही.
पथारीवरच एकीनं मला पोत्यांच्या आड नेलं:
‘बाई, तुना कागदमुये पथारी बंद पडी गयी
ते आम्हीन काय खावानं?’
चुलीसाठी माझ्याकडे पान होतं, तंबाखूसाठी होतं.
यासाठी नव्हतं.

मार्चमध्ये अहवाल निघाला, गुळगुळीत कागदावर.
तक्ता तीन, मग थेट पाच.
आकडे पुढे सरकवायचे कष्टही कुणी घेतले नाहीत.
माझ्या हातात मोलगीच्या बदलीचा कागद होता,
‘प्रशासकीय कारणास्तव’.

शेवटच्या दिवशी विभागाच्या पायरीवर रायलीबाई.
दोन पायऱ्या चढली, थांबली, कठडा धरला.
‘मना दम तू लिखी लई गयी,
त्यानं काय व्हयनं?’

मी पर्स चाचपली. एस.टी.चं तिकीट सापडलं.
मागच्या कोऱ्या बाजूला तिचं नाव घातलं, तारीख घातली,
शंभरात चौपन्न.
खाली सही केली, पूर्ण, शिक्क्याशिवाय.
तिनं ते उलटं धरून पाहिलं,
चार घड्या घातल्या, चंचीत ठेवलं,
सुपारीशेजारी.

तिच्यामागे आणखी एक उभी होती,
तोंडावर पदर दाबून.
पिवळ्या पिशवीत घालून जाळायचा तो डबा
तन्वीरनं अजून जाळला नव्हता.
त्यानं झाकण काढलं, विचारलं,
‘तुनं नाव काय, माय?’