कारणाच्या रकान्यात

पुन्ता अरेनासला वारा असा
की चौकाचौकांत दोर बांधलेत, माणसांनी धरून चालायला.
मंगळवार, गुरुवार, शनिवार, उजाडायच्या आत
आम्ही तो दोर धरत धरत दवाखाना गाठतो
आणि आत आलो की दुसऱ्या दोरांना बांधले जातो.
दोन नळ्या. एक जाताना लाल, एक येताना लाल,
मधे काय धुऊन निघतं ते यंत्राला ठाऊक.

यास्ना मिमित्सा सगळं मोजते.
वजन, रक्तदाब, मीठ.
दिवसाचं पाणी अर्धा लिटर,
त्यात सूप आलं, चहा आला,
जिभेवर ठेवलेला बर्फाचा खडासुद्धा आला.
पंचवीस वर्षं मी या वाऱ्यात टपाल वाटलं,
एक पत्र उडू दिलं नाही,
आता पेल्यावर रेघ मारून पाणी पितो
आणि रात्री स्वप्नात नळ उघडा राहतो.

चार खुर्च्या.
पहिलीत एलेउतेरिओ, जन्मभर मेंढ्या कातरलेला.
दुसरीत मी.
तिसरीत ब्राउलियो, वय एकोणीस, कानांत कायम बोंडं.
खिडकीपाशी एर्मेलिंदाबाई.
नवरा गेला त्याला अकरा महिने झाले,
तेव्हापासून ‘हो’ आणि ‘नको’
या दोन शब्दांवर तिचं भागतं.

त्या शनिवारी एलेउतेरिओ म्हणाला,
कुणाला उद्देशून नाही, असंच छताला:
‘एकदा कुरणात मला शिंक आली.
वारा पाठीमागून.
कवळी गेली ना उडत!
मी मागे. माझ्या मागे मेंढ्या.
टेकाडापलीकडे एक कुत्रं बसलेलं,
त्यानं ती हवेतच झेललेली.
आणि माझ्याकडे बघून हसत होतं हो,
माझ्याच दातांनी.’

आधी काहीच झालं नाही.
मग ब्राउलियोनं एका कानातलं बोंड काढलं,
म्हणजे ऐकत होता लेकाचा.
मग माझ्या बरगड्यांखाली काहीतरी सुटलं,
फार दिवस गच्च बसलेल्या खिडकीसारखं,
आणि खिडकीपासून एक आवाज आला,
फिस्स.
वाटलं, नळी सुटली.

नळी नव्हती. एर्मेलिंदाबाई होती.
तोंडावर हात, खांदे गदगदताहेत,
थांबायला जाते आणि पुन्हा कुत्रं आठवतं,
पुन्हा दात आठवतात,
डोळ्यांतून घळाघळा, नाकातून सुद्धा,
आणि हात हलले म्हणून चारही यंत्रं
एकदम टीं टीं टीं टीं.

यास्ना धावत आली, पांढरीफटक.
‘कोण? काय? कुणाला?’
सांगणार कोण? श्वास होता कुणाकडे?
एलेउतेरिओनं नुसती कवळी काढून दाखवली.
ती रागावायला म्हणून उभी राहिली
आणि टेबलाला धरून खालीच बसली.

एक सांगतो, ते तेव्हा लक्षात आलं नाही.
त्या सगळ्या वेळात मला तहान नव्हती.
संपली नाही, मिटली नाही,
फक्त माझा पत्ता विसरली होती, बारा-पंधरा मिनिटं.
घरी जाऊन सोफ्यावर टेकलो तो
बूट न काढता झोपलो, मधे एकदाही न उठता,
आणि सकाळी पोट दुखलं ते चांगलं दुखलं,
वापरलेल्या अंगासारखं.

निघताना एर्मेलिंदाबाईचं वजन
ठरल्यापेक्षा थोडं जास्त उतरलं.
यास्नानं काटा दोनदा पाहिला.
‘डोळ्यांतून गेलं असेल,’ मी म्हटलं.
तिनं ते लिहिलं नाही.
पण यंत्र का वाजलं, याचा एक रकाना असतो.
नळी वाकली, सुई सरकली, असलं काहीतरी भरतात.
तिनं चारही कागदांवर, सरकारी अक्षरात, लिहिलं:
कुत्रा.

मंगळवारी वारा इतका
की दोरसुद्धा शीळ घालत होते.
सुया टोचून झाल्या. दिवा मंद झाला.
खिडकीपाशी बाई खाकरली.
‘एलेउतेरिओ,’ ती म्हणाली,
आणि आम्ही तिघं खुर्चीत ताठ झालो,
‘त्या कुत्र्याचं नाव काय होतं?’

म्हातारा गडबडला.
कवळी चाचपली, छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
कुत्र्याला नाव द्यायचं
राहूनच गेलं होतं.