वाऱ्याची बाजू

बाउरोचं वजन कुणी खाल्लं
यावर दवाखान्यात दोन मतं होती.
सोमवारच्या दारातले म्हणाले, साखर.
गुरुवारचे म्हणाले, आमच्याकडे आलाच नाही.
मधे भिंत एकच, प्लायवुडची.
ती ओलांडायला कागदाला सहा महिने लागले.
तोवर हा पँट सुतळीने बांधू लागला होता,
जर्मन जहाजांच्या इंजिनखोलीत
बावीस वर्षं काढलेला माणूस.

बेसोच्या टोकाला, धक्क्यामागे, त्याची बुइया:
खांबांवर उचललेली एक फळ्यांची ओटी,
वर केवड्याच्या पानांचं छप्पर,
आणि झोपायला अकरा जण.
एकाने कूस बदलली की सगळ्यांची बदलते.
इथेच त्याचा आजा खोकत असायचा.
तेव्हाच काहीतरी याच्या छातीत येऊन बसलं असणार,
न बोलता, न हलता, चाळीस वर्षं,
घरमालक थकायची वाट बघत.

थकवलं त्याला गोडाने.
अळवाच्या खड्ड्यांत समुद्र झिरपला,
मग पोत्यातला तांदूळ आला, डब्यातलं मांस,
चहात पाच चमचे.
तोंडात साखर पडो, म्हणतात ना कुणी चांगलं बोललं की?
इथे कुणी काही न बोलताच पडत गेली.
पायाला शिंपला कापला तो त्याला कळलाच नाही.
रूताला कळला, माशा घोंगावल्या तेव्हा.

मी सकाळी सहाला सायकलवरून जाते.
लाल गोळ्या माझ्यासमोर गिळायच्या, असा नियम.
लघवी नारिंगी होते. तो हसतो,
"आतून गंज निघतोय."
मला हसू येत नाही. याच लाल गोळ्या
साखरेच्या गोळ्यांना टिकू देत नाहीत अंगात.
साखर चढली की जंतू माजतात,
जंतू माजले की साखर चढते,
एकाला धरायला जावं
तर दुसरा पाठीत गुद्दा घालतो.

रूता विचारते, नेमका कुठला आजार झालाय याला?
मी दोन वह्या काढते, निळी आणि हिरवी.
ती दोन्ही उलटसुलट करून बघते.
"नाव तर एकच लिहिलंयस दोन्हींत."

परवा रात्री पट्ट्या मोजताना
एक उगाच माझ्याच बोटाला लावली.
चौदा.
दुसऱ्या बोटाला लावली, जणू ते बोट दुसऱ्या कुणाचं.
चौदा.
दोन पट्ट्या वाया गेल्या, असं वहीत लिहिलं.

पण यंत्र सुरू केलं की आधीचा आकडा क्षणभर दिसतो,
आणि बाउरोचा जन्म गेला काट्यांवर डोळा ठेवण्यात.
"हा माझा नाही," तो म्हणाला.
मी त्याचं बोट पुसत राहिले,
गरजेपेक्षा जास्त.

मग तो उठला. पट्टी बांधलेला पाय
फळ्यांवरून ओढत माझ्यासमोरून गेला,
लगूनकडची चटई गुंडाळून वर बांधली,
आणि पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसला.
"तू इथे बसायचं. वाऱ्याकडे.
वारा आधी तुझ्यावरून जाऊ दे,
मग माझ्यावरून. उलटं नाही.
जहाजावर पोरांनाही हे कळतं."

रूता माझा चहा करत होती.
तिचा हात बरणीवर थांबला,
चमचा आत, झाकण उघडं,
आणि तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.