आवाज उशिरा येतो

लिमा शहर. विल्सन रस्ता. तिसरा मजला, गाळा तीनशे चौदा.
खाली दारातच दलाल अंगावर येतात,
"काय हवंय, ताई? लॅपटॉप? शाई? चार्जर?"
त्या सगळ्यांना कोपराने बाजूला सारत ती वर आली
तेव्हा मी एका पंख्यातली धूळ फुंकत होतो.

एर्मेलिंदा ताकुरी. शिवणकाम करते.
बॉबिनची डबी काउंटरवर उघडली तिने :
दोन मेमरी कार्डं, एक पेन ड्राइव्ह,
आणि रबर लावलेले दोन हजार तीनशे चाळीस सोल.
"कोंबडीचे पैसे आहेत," म्हणाली, "जपून खर्च कर."
टेकडीवरच्या घराघरांनी रविवारी कोंबड्या तळून
ताटं विकली होती, या एका यंत्रासाठी.

त्यांनी जिना बांधलाय. दोनशे सहा पायऱ्या.
सिमेंट पाठीवर, पाणी बादलीने.
आता पायथ्याशी पालिकेने पाटी ठोकलीय : आम्ही बांधला.
म्हणून पुरावा. अकरा फोन, चौदा महिने,
कुणी उभा धरलेला, कुणी आडवा,
कुणाच्या भिंगावर बोटाचं तेल.

शेजारचा येर्सन काचेची पेटी पुढे सरकवतो,
आत जांभळे, हिरवे दिवे पळताहेत.
"हे दिवे कशाला?"
"शोभेला."
"मग शोभेचे पैसे वजा कर."

मी म्हटलं, बस, मावशी.
फोन चित्र घट्ट गाठोडं बांधून ठेवतो,
गाठ सोडताना जुन्या यंत्राला धाप लागते.
बँकेने काढून टाकलेला हा संगणक घे,
मेमरी मी दुप्पट करून देतो, आत वेगवान डिस्क बसवतो.
मूळ चित्रण वेगळ्या डिस्कवर राहील.
काम करायचं ते हलक्या नकलांवर.
"म्हणजे आधी कागदावर बेतायचं,"
ती म्हणाली, "कापडाला कात्री शेवटी."
हे वाक्य मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं.

आणि सॉफ्टवेअर?
महिन्याच्या महिन्याला पैसे मागणारं एक आहे.
"घरभाडं?" तिने विचारलं. "नको."
मग फुकटातलं घातलं. स्पॅनिशमधलं.
बटणं मोठी केली, तिचा चष्मा पाहून.

एक क्लिप लावून बघितली.
धुकं, राखाडी टेकडी, वर मुंगीएवढा माणूस घण उचलतोय.
घण पडतो. आवाज नाही.
मग, ठण्.
पुन्हा पडतो. मग, ठण्.

मी लगेच वैद्य झालो.
फोनची नाडी अशीच असते, सांगू लागलो,
सेकंदाला कधी तीस चित्रं, कधी चोवीस,
मग ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे.
सरळ करतो. आवाज थोडा मागे ओढला की झालं.
माउस धरलासुद्धा होता.

"थांब," ती म्हणाली.
"हे मीच काढलंय. खालून, पाण्याच्या टाकीपासून.
तिथे तसाच येतो आवाज.
उशिरा.
तो वर घण घालतो,
आणि आपल्याला खाली नंतर कळतं."

येर्सन हसायचा थांबला.
मी माउस सोडला. बाकीच्या क्लिपा दुरुस्त केल्या,
त्यांना खरंच रोग होता.
ही तशीच ठेवली.

पैसे दोनदा मोजले. एकशे दहा उरले.
पावती तिला सविस्तर हवी होती, भिंतीवर लावायची म्हणून :
संगणक, मेमरी, डिस्क, पडदा, जुना कीबोर्ड.
"सॉफ्टवेअर राहिलं," ती म्हणाली.
"ते फुकट आहे, मावशी."
"तरी लिही. लोक विचारतील."
मी लिहिलं : सॉफ्टवेअर, शून्य सोल.
तिने वाचलं, घडी केली, डबीत ठेवली,
आणि येर्सनला विचारलं,
दोनशे सहा पायऱ्या हे धूड वाहून द्यायला
रविवारी मोकळा आहेस का.