पहारेकऱ्याचं बारावं वाक्य

पहिल्या भागात त्याला अकराच वाक्यं होती.
"कोण आहे तिथे?" हे एक.
"काही नाही, वारा असेल," हे दुसरं,
मग मागून एक हात, गळ्याभोवती,
आणि ज्याच्या बोटांखाली बटणं होती
त्याला शंभर गुण.

त्याची नजर मी लिहिली होती.
साठ अंशांचा त्रिकोण, नाकापासून पुढे बारा मीटर,
त्रिकोणाबाहेर जग नाही.
सतरा पावलं, थांबणं, वळणं, सतरा पावलं.
डोळ्यांत तेल घालून आंधळा.

साप्पोरोत त्या वर्षी बर्फ लवकर आला.
चौथ्या मजल्यावर आम्ही छत्तीस जण, तीन किटल्या,
भिंतीवर कागद: दुसरा भाग. उरले दिवस २१४.
नागामिनेसान ओव्हरकोट न काढताच म्हणाले,
नायक परत येणार नाही.
लोक त्याच्यासाठीच पैसे मोजतील, कुणीतरी पुटपुटलं.
मोजू देत. पहिल्या दारापर्यंत तो दिसेल.
मग दार लागेल, आणि बाहेर उरेल तो नवखा,
त्याला वाटत राहील आपण तोच आहोत.
"आणि बर्फात पाऊल उमटू दे.
लपणाऱ्याचंही."

ओरिएने बर्फाचा आवाज बटाट्याच्या पिठातून काढला.
कातडी पिशवीत दोन किलो, मुठीने दाबायचं,
कर्र, कर्र.
खिडकीबाहेर खरा बर्फ फुकट पडत होता
पण माइकला तो खोटा वाटायचा.
रात्री दोनला ती पिशवी चालवायची
आणि मी डोळे मिटून सांगायची,
हा घाबरलाय. हा दमलाय.
हा, ओरिए, हा कुणाला तरी मारून आलाय.

पहारेकऱ्यांना आठवण द्यायचं ठरलं.
सोबती हजेरीला नसला तर नाव घेऊन हाक मारायची.
म्हणजे आधी नावं हवीत.
एकशे बारा. शाळेतल्या बाकांवरची घेतली,
वारलेल्या मामांची, ओतारूच्या एका न्हाव्याचं.
चाचणीला बसवलेला पोरगा दुसऱ्याच दिवशी म्हणाला,
"हाक ऐकली की गळा दाबवत नाही."
नागामिनेसाननी ते फळ्यावर लिहिलं
आणि खाली: हा दोष दुरुस्त करू नये.

नव्या वर्षाला वडील आले.
बत्तीस वर्षं ओतारूच्या गोदीत
मासळीच्या कोठारावर रात्रपाळी.
त्यांच्या हाती खेळ दिला. लपायला नकार दिला असं नाही,
पुढे काय करायचं ते त्यांना सुचलंच नाही.
एका पिंपाआड उभे राहून त्याला बघत राहिले.
सतरा पावलं. वळण. सतरा पावलं.
चहा निवला.
मग म्हणाले, "याची पाळी संपते कधी?"
संपत नाही, मी म्हटलं.
"असं कसं? मोजे भिजले असतील."

उरले दिवस १९.
वेळापत्रकात नसलेलं एक काम मी चोरून केलं,
दोन भागांत शिकले होते तेवढंच वापरून:
चाहूल लागू न देता.
चाळीस मिनिटं कुणी कुणाला हात लावला नाही
तर पूर्वेच्या फाटकातून दुसरा येतो,
पहिला त्याला किल्ल्या देतो,
एक बूट काढून उलटा झटकतो
आणि म्हणतो, "येतो मी. मोजे भिजलेत."
आवाज वडिलांचा. ओरिएने एका दमात टिपला,
त्यांना वाटलं ते नुसतेच बोलतायत.

त्याच्या पावलांचा माग कुंपणापाशी संपतो.
तिथून पुढे नकाशा नाही, तेवढी जागा मिळाली नाही मला.
कुणी पाहिलंय का, ठाऊक नाही.
चाळीस मिनिटं दबा धरून, हात आवरून
नुसतं बसायचं,
बसतं कोण?

नागामिनेसाननी एकदा लिफ्टमध्ये विचारलं,
"ते मोज्यांचं वाक्य कुणाचं?"
मी दारावरच्या आकड्यांकडे पाहत राहिले.
चार.
तीन.