शेरा

चौदा घनमीटर द्यायची दिवसाला.
मग नऊ. मग सहा. आता तीन.
मकरपुऱ्याच्या ऑफिसात शिर्के साहेबांनी
फाइल बोटाच्या टोकाने सरकवली:
"म्हातारी झाली. सोडून द्या."

बडोद्याहून पादऱ्याला निघताना
मीही हाच निकाल खिशात घातला होता.
दोन्ही बाजूंना एरंडी, तंबाखू,
मधेच कुंपणात सत्तेचाळीस नंबर:
मान खाली, मान वर,
होकार नाही, नकारही नाही.

जेसंगभाईंनी पंप थांबवला.
मी केसिंगला बंदूक लावली,
वायूची, बिनगोळीची,
आणि एक ठोका आत सोडला.
नळीच्या प्रत्येक जोडावर
ठोक्याला बारीकशी ठेच लागते.
कागदावर त्या ठेचा मोजायच्या,
अंधारात जिना मोजावा तशा.
एकेचाळिसाव्या पायरीला पेन उसळलं.

एकेचाळीस?
पंप तर एकशेविसाव्या जोडाशी.
म्हणजे एकोणऐंशी जोडांएवढा द्रव
डोक्यावर तटून उभा.
विहीर देतेय.
घेता येत नाहीये आपल्याला.

तीन दिवसांनी दांडे वर काढले,
गोठलेल्या तुपासारखं मेण,
खरवडलं की नखात बसणारं.
शेवटी पंप. त्याच्या झडपेतला गोळा,
आवळ्याएवढा,
आणि बैठकीवर वाळूने ओढलेला
एक ओरखडा.
वर निघालेलं सगळं
दर फेरीला तिथून परत खाली.

नवी झडप बसली. गरम तेल फिरवलं.
अहवालासाठी मी रजिस्टर मागितलं.
साडेतीन महिन्यांपूर्वीचं पान,
शेऱ्याच्या रकान्यात गुजराती अक्षर:
'अवाज बदलायो छे.'
दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच.
मग नुसती आडवी रेघ,
रेघेखाली रेघ.
आणि दर पंधरवड्याला, तळाशी,
माझी सही.

मी आकडे वाचत होते.

आज अकरा आहे. चौदा नाही.
पाणीही वाढलंय थोडं, ते नंतर बघू.
'कारण' या चौकटीत लिहिलं: झडप.
खोडलं.
पुन्हा लिहिलं: झडप.
चौकट तेवढीच होती.

निघताना जेसंगभाईंना विचारलं,
आता कसा वाटतो आवाज?
चहाची बशी ओठांशी तशीच धरून
त्यांनी मान तिरकी केली,
दोन फेऱ्या ऐकल्या. तिसरी ऐकली.
"हजी थोडो..." म्हणाले.

मी पेन काढलं.